अमेरिकेचा कुकर, दुबईची केटली आणि हेस्कॉमची वीज

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागातली पुष्कळ मुले आखातात आहेत, काही युरोप-अमेरिकेत. सुट्टीला निघण्याआधी त्यांचा फोन येतो, "येताना काय आणू?" आणि घरून उत्तर जाते, ओव्हन आण, तो कुकर आण, कॉफीचे मशीन आण. इथेच थोडे थांबावे. परदेशातून विजेचे उपकरण घेताना किंमत, रंग, लिटर हे सगळे नंतर बघायचे. आधी त्याच्या बुडाला किंवा पाठीला चिकटवलेली पट्टी वाचायची. ते आपल्या घरात चालेल की पहिल्याच दिवशी जळेल, हे त्या चार ओळींवरून कळते.

पट्टीचा फोटो मागवा

आणणाऱ्याला एकच काम सांगा: दुकानातूनच पट्टीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठव. खोक्यावरच्या जाहिरातीचा फोटो उपयोगाचा नाही. संकेतस्थळावरून मागवत असाल तर माहितीच्या तक्त्यात व्होल्टेज शोधा. तिथे नसेल तर उपकरणाच्या मागच्या बाजूची छायाचित्रे मोठी करून बघा, तरीही सापडले नाही तर घेऊ नका. पट्टीवर चार गोष्टी बघायच्या: व्होल्ट, हर्ट्झ, वॅट किंवा अँपिअर, आणि एकात एक असे दोन चौकोन काढलेले चिन्ह. हे चिन्ह असेल तर उपकरणाला दुहेरी इन्सुलेशन आहे, अर्थिंगची वायर लागत नाही. नसेल आणि बाहेरून धातू असेल तर अर्थिंग हवेच.

आपली, म्हणजे हेस्कॉम या आपल्या वीज कंपनीची वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. त्याच्याशी पट्टी जुळवायची.

"१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ" असे असेल तर डोळे मिटून घ्या, फक्त पिन बदलायची. चार्जिंगवर चालणारी बरीच उपकरणे आणि डिजिटल वजनकाट्यांचे ॲडॉप्टर असे असतात. "२२०-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ" असेल तरी अडचण नाही. "२२० व्होल्ट, ६० हर्ट्झ" असेल तर उपकरण कोणते यावर ठरेल. "१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ" किंवा "१०० व्होल्ट" दिसले की समजा, हे थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये जाणार नाही.

देशांचे साधारण गणित असे आहे. अमिराती, ओमान, कतार, कुवेत, बहरीन, ब्रिटन, युरोप, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया इथली वीज आपल्यासारखीच, २३० ते २४० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. सौदीत २३० व्होल्ट आहे, पण ६० हर्ट्झ. पूर्वी तिथे घरात १२७ व्होल्ट असायचे, त्यामुळे सौदीतले जुने उपकरण कोणी देत असेल तर पट्टी दोनदा वाचा. दक्षिण कोरिया २२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. अमेरिका आणि कॅनडा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपान १०० व्होल्ट, पूर्वेकडे ५० हर्ट्झ आणि पश्चिमेकडे ६०. देशावरून अंदाज बांधा, निर्णय मात्र पट्टीवरूनच घ्या.

जळते ते का जळते

हीटर असलेली उपकरणे आधी बघू: केटली, टोस्टर, ओव्हन, भाताचा कुकर. कॉइलला हर्ट्झचे काही देणेघेणे नसते, व्होल्टचे मात्र असते, आणि तेही वर्गाच्या हिशोबाने: व्होल्ट दुप्पट झाले की वॅट चौपट. १२० व्होल्टचा १,००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर लावला तर तो जवळजवळ ३,६७० वॅट खेचू बघतो. कॉइल लाल होऊन तुटते किंवा थर्मल फ्यूज उडतो, आणि कंट्रोल कार्ड असेल तर ते त्याआधीच धूर सोडते. उलट बाजूही ध्यानात ठेवा. उसाच्या पट्ट्यात पंप चालू असताना व्होल्टेज १८० वर आले तर २३० व्होल्टचा ओव्हन आपल्या ताकदीच्या ६१ टक्क्यांवरच चालतो. केक मध्ये कच्चा राहिला की लोक ओव्हनला नावे ठेवतात, दोष त्या बिचाऱ्याचा नसतो.

मिक्सर, ब्लेंडर, हँड मिक्सर यांत कार्बन ब्रशची मोटार असते. तिला ५० आणि ६० हर्ट्झ सारखेच. व्होल्ट बरोबर दिले की ती चालते.

खरी गोम पुढच्या प्रकारात आहे: फ्रिजचा कॉम्प्रेसर, बर्फाचे मशीन, जुन्या पद्धतीचा लोखंडी ट्रान्सफॉर्मर असलेला मायक्रोवेव्ह, काही पंखे आणि फिरत्या तबकडीच्या मोटारी. यांचे काम हर्ट्झवर चालते. ६० हर्ट्झची इंडक्शन मोटार ५० वर एक-षष्ठांश हळू फिरते, म्हणजे तिचा स्वतःला गार ठेवणारा पंखाही हळू होतो. शिवाय त्याच व्होल्टला लोखंडातले चुंबकत्व २० टक्क्यांनी वाढते, करंट वाढतो आणि मोटार तापते. मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरचेही हेच होते. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, हर्ट्झ बदलत नाही. म्हणून अमेरिकेतला मायक्रोवेव्ह, फ्रिज किंवा बर्फाचे मशीन आणूच नये. सौदी-कोरियातली अशी उपकरणे व्होल्टला जुळतात, पण पट्टीवर नुसते ६० हर्ट्झ असेल तर हाच नियम. यांत्रिक टायमरही हर्ट्झवर चालणारा असू शकतो. तसा असेल तर साठ मिनिटांना लावलेला टायमर बहात्तर मिनिटांनी वाजेल.

अमेरिकेतल्या मोठ्या शेगड्यांबद्दल एक फसवणारी गोष्ट. त्यांच्यावर "१२०/२४० व्होल्ट" लिहिलेले असते आणि २४० बघून लोक खूश होतात. तिथे दोन फेज आणि मधे न्यूट्रल अशी रचना असते, शेगडीतला दिवा, पंखा, कंट्रोल १२० वर चालतात. आपल्याकडे एक फेज आणि न्यूट्रल येतो. ती शेगडी इथे नीट जोडताच येत नाही.

ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर कसा

१२० व्होल्टचा स्टँड मिक्सर किंवा इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घरात येऊनच पडला असेल, तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. प्रवासात मिळणारे मुठीएवढे "कन्व्हर्टर" घेऊ नका. ते वीज चिरून देतात. साध्या हीटरला त्यावर भागते, डिजिटल पाटी असलेले उपकरण त्यावर जळते.

माप असे धरा: हीटरच्या उपकरणाला वॅटच्या सव्वा ते दीडपट, मोटारीला दुप्पट ते तिप्पट. १,००० वॅटच्या कुकरला १,५०० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर, ट्रान्सफॉर्मरची ताकद यातच सांगतात). ३२५ वॅटच्या स्टँड मिक्सरला १,००० व्हीए, कारण घट्ट कणीक आली की मोटार सुरुवातीला जास्त करंट घेते. १,४०० वॅटच्या ब्लेंडरला ३,००० व्हीए. इथवर आलात की ट्रान्सफॉर्मरचे वजन ब्लेंडरपेक्षा जास्त होते आणि इथला चांगला मिक्सर घेतला असता तर बरे झाले असते, असे वाटू लागते.

बाजारात दोन प्रकार मिळतात. ऑटो ट्रान्सफॉर्मर हलका आणि स्वस्त, त्यात दोन्ही बाजूंना एकच वाइंडिंग असते. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतील तर त्याच्या आउटपुटच्या "न्यूट्रल"वर पूर्ण २३० व्होल्ट बसतात. आपल्या जुन्या घरांत अशी उलटी जोडणी काही दुर्मीळ नाही. दुहेरी वाइंडिंगचा जड असतो, महाग असतो, पण ओल्या हाताच्या जागेत तोच बरा. वाइंडिंग करणाऱ्याकडून बनवून घेत असाल तर नुसते "अमेरिकन मशीनसाठी" म्हणू नका. इनपुट २३०, आउटपुट १२०, किती व्हीए, तांब्याची तार, सलग भार किती वेळ, आउटपुटला एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारे बटण), हे सगळे कागदावर लिहून द्या. जपानी उपकरण असेल तर १०० व्होल्टचा वेगळा टॅप, म्हणजे वाइंडिंगमधून काढलेली वेगळी जोडणी, मागा. १०० चा कुकर १२० वर लावला तर तो ४४ टक्के जास्त तापतो. १,५०० वॅटला १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर करंट लागतो, म्हणून आउटपुटची वायर २.५ चौरस मिमीपेक्षा बारीक नको.

ट्रान्सफॉर्मर आला की उपकरण जोडण्याआधी मल्टिमीटरने आउटपुट मोजा. रात्री उशिरा पुन्हा मोजा. लाइनला २५० असतील तर १२० च्या जागी १३० निघतात. काम झाले की भिंतीचे बटण बंद करा, रिकामा ट्रान्सफॉर्मरही वीज खातो आणि तापत बसतो.

आणखी एक धोका, तोही रोजचा. आपल्या नव्या मॉड्युलर बोर्डांवरच्या आणि स्वस्त एक्स्टेन्शनवरच्या "सगळ्या पिना बसतील" अशा सॉकेटमध्ये अमेरिकेची चपटी पिन सहज जाते. घरात पाहुणे आले, कोणीतरी मदत म्हणून मिक्सर उचलून थेट भिंतीला लावला, की संपले. पिनेजवळ वायरला लाल चिकटपट्टी गुंडाळा आणि त्यावर "१२० – ट्रान्सफॉर्मरवरच" असे मराठीत आणि कन्नडमध्ये ठळक लिहा. कामाला येणाऱ्या बाईंनाही दाखवून ठेवा.

पिन बदलताना

आखातातून आणि ब्रिटनमधून येणाऱ्या बहुतेक उपकरणांना तीन चौकोनी दांड्यांची पिन असते आणि तिच्यातच ३, ५ किंवा १३ अँपिअरचा फ्यूज असतो. ॲडॉप्टर लावून केटली चालवायची सवय लावू नका. सैल ॲडॉप्टर तापतो आणि प्लॅस्टिकचा वास येईपर्यंत कळत नाही. पिन कापून आपल्याकडची आयएसआय खुणेची पिन बसवणे चांगले. मात्र पिन कापली की तो फ्यूजही जातो, म्हणून त्या सॉकेटमागचा एमसीबी योग्य मापाचा आहे ना, ते वायरमनकडून बघून घ्या. आणि वॉरंटी वापरायची शक्यता असेल तर आधी तिचे कागद वाचा, कापलेली पिन बघून दावा नाकारला जाऊ शकतो.

१,००० वॅटपर्यंतचे उपकरण ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालेल. त्यावर १६ अँपिअरचा पॉवर प्लग. ब्रिटिश केटली ३,००० वॅटची असू शकते, म्हणजे १३ अँपिअर. तिला पॉवर प्लग आणि मागे २.५ चौरस मिमी तांब्याची वायर पाहिजे, एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही.

वायरचे रंग वायरमनला स्वतः सांगा. युरोप, ब्रिटन, आखात: तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थिंग. अमेरिका: काळा फेज, पांढरा न्यूट्रल, हिरवा अर्थिंग. आपल्याकडे वर्षानुवर्षे काळी वायर न्यूट्रल म्हणून वापरली गेली आहे, त्यामुळे हात सवयीने चालतो आणि अमेरिकन उपकरणाचे स्विच न्यूट्रलमध्ये जाऊन बसते. बटण बंद असूनही आत करंट राहतो.

घरची वीज तपासून घ्या

गल्लीतल्या जुन्या वाड्यांत आणि गावातल्या कौलारू घरांत तीन भोकांचे सॉकेट असते, पण वरच्या भोकामागे वायरच नसते. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ मोजा. दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच्या वर काही नको. भार नसताना मीटर खोटे बोलू शकतो, म्हणून वायरमन फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून बघतात. तो न्यूट्रलवर पेटतो तेवढाच लख्ख पेटला तर अर्थिंग चांगले. घरात आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळू लागला की वीज तोडणारे बटण) असेल तर या चाचणीत तो पडेल, ते योग्यच आहे. नसेल तर ३० मिलिअँपिअरचा बसवून घ्या. धातूचा ओव्हन आणि ओला ओटा एकत्र असलेल्या घरात हा खर्च ओव्हनच्या आधी करायचा.

साध्या इन्व्हर्टरवर ही उपकरणे लावू नका. घरगुती ८००-९०० व्हीएचा इन्व्हर्टर १,५०० वॅटचा ओव्हन उचलत नाही. चौकोनी लहरीचा असेल तर त्यावर मोटारी गुरगुरतात आणि इलेक्ट्रॉनिक कार्डे बिघडतात. जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात वीज येते-जाते तेव्हा परतताना झटका बसतो. वापर संपला की पिन काढून ठेवणे, एवढेच त्यावर खात्रीचे औषध.

आता बिलाचे. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत महिन्याला जास्तीत जास्त २०० युनिटपर्यंत वीज मोफत आहे, आणि तुमच्या घराची मर्यादा तुमच्या जुन्या सरासरी वापरावर ठरलेली असते. २०० च्या वर गेलात की त्या महिन्याचे पूर्ण बिल भरावे लागते. २,००० वॅटचा ओव्हन रोज अर्धा तास चालला तर महिन्याला साधारण ३० युनिट. थर्मोस्टॅट मधे मधे बंद होतो म्हणून थोडे कमी धरा. १७५ युनिटच्या आसपास असलेल्या घराला हा ओव्हन फुकटच्या बाहेर ढकलतो. मागच्या बारा महिन्यांची हेस्कॉमची बिले काढून बघा आणि मग ठरवा.

काय आणावे, काय नको

सर्वांत शहाणपणाची खरेदी म्हणजे आखातातले किंवा युरोपातले, आपल्याकडे सहज न मिळणारे, साधे उपकरण: चांगला टोस्टर ओव्हन, ब्रेड मेकर, कॉफीचे मशीन, स्टँड मिक्सर. स्टँड मिक्सरच्या अमेरिकन आणि युरोपियन आवृत्त्या दिसायला सारख्याच असतात, फक्त पट्टी वेगळी असते. अमेरिकेतला भाऊ आणणार असेल तर त्याला आपल्याकडचीच आवृत्ती भारतातून घेऊन देण्याचे पैसे पाठवायला सांगा. कटू वाटते, पण हिशोबाने बरोबर पडते.

ब्लेंडर आणायचा विचार असेल तर आपला स्वयंपाक आठवा. शेंगदाण्याची, जवसाची, सुक्या खोबऱ्याची चटणी, कांदा-लसूण मसाला, वाटलेले ओले खोबरे. बहुतेक परदेशी ब्लेंडर पातळ पदार्थांसाठी केलेले असतात: उंच भांडे, तळाला अरुंद पाते, प्लॅस्टिकची जोडणी. कोरड्या चटणीत पात्याभोवती पोकळी होते, माल भिंतीला चिकटतो आणि मोटार रिकामी फिरत तापते. हळकुंड घातले तर भांड्याला ओरखडे आणि जोडणीचे दात गेले. इथल्या मिक्सरला सुक्या वाटणाचे वेगळे भांडे असते आणि ते याच कामासाठी बनवलेले असते.

सामान आणि कस्टम

सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, आंतरराष्ट्रीय विमान उतरत नाही. मुंबई, बंगळूर किंवा गोव्याला कस्टम होते. पुढे सांबऱ्यापर्यंत वेगळे तिकीट काढले असेल तर देशांतर्गत इकॉनॉमीत साधारण १५ किलोच सामान फुकट, आणि स्टँड मिक्सर एकटाच खोक्यासह बारा किलोच्या आसपास जातो. आखातातून तीस किलो घेऊन आलेला माणूस मुंबईत अडतो. सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढा, किंवा पुढचा प्रवास बसने वा गाडीने करा. ब्लेंडरची पाती चेक-इन सामानात, सुटी लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक मात्र कायम केबिनमध्ये.

सोबत आणलेल्या सामानाला ठरावीक रकमेपर्यंत शुल्क लागत नाही. २०१६ च्या बॅगेज नियमांत भारतीय रहिवाशासाठी ही रक्कम ५०,००० रुपये होती आणि वरच्या किमतीवर अधिभारासह ३८.५ टक्के शुल्क होते. या मर्यादा आणि दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून तिकीट काढाल त्या आठवड्यात कस्टमच्या अधिकृत संकेतस्थळावर चालू आकडे बघा. हिशोबाची रीत तीच राहते: सवलतीच्या वर १८,००० रुपयांचा माल निघाला आणि दर ३८.५ टक्के असेल, तर ६,९३० रुपये. नवरा-बायकोची सवलत एकत्र करून एका महाग ओव्हनवर लावता येत नाही. मूळ बिल हाताशी ठेवा, नाहीतर किंमत अधिकारी ठरवतील. एकाच प्रकारची तीन-चार उपकरणे दिसली तर ती विक्रीसाठी आहेत असे धरले जाऊ शकते. कायमचे परतणाऱ्यांसाठी वेगळी, मोठी सवलत असते, तिच्यासाठी परदेशात किती काळ राहिलात याचे पासपोर्टवरचे शिक्के लागतात.

कुरिअरने मागवणे हे निराळे प्रकरण. "गिफ्ट म्हणून पाठव, शुल्क लागणार नाही" हा सल्ला डिसेंबर २०१९ पासून जुना झाला आहे, पोस्ट-कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूंची ती सूट तेव्हाच गेली. शुल्क वस्तूच्या किमतीवर वाहतूक आणि विमा मिळवून आकारतात, वर आयजीएसटी (आयात मालावरचा जीएसटी), आणि कुरिअर कंपनीचे हाताळणीचे पैसे वेगळे. जड उपकरणाला वाहतूकच किमतीएवढी होऊ शकते. ओळखपत्राची प्रत मागतात, नावाचे स्पेलिंग ऑर्डरवर आणि कागदावर सारखे ठेवा, नाहीतर पार्सल आठवडाभर अडून बसते.

घरी आल्यावर

खोके उघडतानाचा व्हिडिओ काढा. हिवाळ्यात थंड देशातून आलेले उपकरण लगेच लावू नका. आत दव धरलेले असते, एक रात्र उघड्यावर ठेवा. शक्य असेल तर वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने धातू आणि फेज यांमधले इन्सुलेशन मोजून घ्या, एक मेगओहमच्या खाली आले तर चालू करू नका. पहिल्यांदा रिकामे, दहा मिनिटे, समोर उभे राहून चालवा. नव्या कॉइलचा थोडा धूर आणि तेलकट वास येतो, तो चालतो. पिन हाताला चटका देत असेल, गुरगुर येत असेल किंवा अंगाला झिणझिण्या जाणवल्या तर बंद.

आणि शेवटचे, जे मागवण्याआधीच करायचे असते: सुटे भाग. परदेशातली वॉरंटी बहुधा त्या देशापुरती असते. मोटारीचे ब्रश, साधा थर्मोस्टॅट, कॉइल, वायर हे बेळगावात किंवा कोल्हापुरात माप दाखवून मिळते किंवा जमवता येते. कंट्रोल कार्ड, भांड्याची जोडणी, प्रेशर कुकरची रबरी रिंग आणि झडप मात्र त्याच मॉडेलची लागते. म्हणून आणणाऱ्याला उपकरणाबरोबरच दोन रिंगा, एक झडप, एक जोडणी आणि ब्रशची एक जोडी आणायला सांगा. खिशात मावतात, वजन नाही. मॉडेल क्रमांक लिहून त्या डब्यात पट्टीच्या फोटोची छापील प्रत ठेवा. पाच वर्षांनी पट्टीवरची अक्षरे तेल-वाफेने पुसलेली असतील आणि दुरुस्ती करणारा पहिला प्रश्न तोच विचारेल, किती व्होल्टचे आहे?